पाण्यावर गाणी ऐकायला काय घ्यावं? हजार-दीड हजारातला हिशेब



"पाण्यावर गाणी ऐकायला स्वस्तातलं काय घ्यावं?" हा प्रश्न आपल्याकडं वरचेवर निघतो. रात्री जाळं टाकून बसलेला माणूस, बासरच्या घाटावर भाविकांना नावेत फिरवणारा नावाडी, घरी फाटकं जाळं सांधत बसलेली मावशी, सगळ्यांनाच सोबतीला आवाज लागतो. आणि खिसा किती खोल आहे ते आपलं आपल्याला ठाऊक. म्हणून आज जरा सविस्तर. आकडे येतील, पण कामाचेच येतील.

"फोन आहे की हातात, वेगळं कशाला घ्यायचं?" असं बरेच जण म्हणतात. आमचं म्हणणं उलटं आहे. पाण्यावर गाणी वाजवायला फोन वापरूच नका. वेगळा प्लेअर घ्यायचं खरं कारण फोन जिवंत ठेवणं हेच आहे, गाणी त्यानंतर.

बघा, फोनला टॉवर नीट सापडत नसला की तो टॉवर शोधायला जास्त जोर लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. नदीच्या पात्रात, दोन्ही काठ लांब असताना, हे रोजचंच. त्यात नेटवरून गाणी लावली, स्क्रीन चालू राहिली, ब्लूटूथही सुरू, मग संध्याकाळी भरलेला फोन मध्यरात्री बंद. आणि नेमकं तेव्हाच घरचा किंवा काठावरचा फोन येणार असतो.

आपल्या बासरला हे जास्त लागू आहे. वरच्या अंगाला धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा, खालच्या अंगाला श्रीरामसागर, म्हणजे आपलं पोचमपाड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडलं जातं. म्हणजे सबंध पावसाळाभर वरून आलेलं पाणी न अडता थेट आपल्याकडं. वर नांदेडकडं जोराचा पाऊस झाला, विष्णुपुरीतून पाणी सुटलं, की इथं पाऊस नसतानाही पात्र फुगतं. अशा वेळी "नाव काठाला घ्या" हा निरोप फोनवरच येतो. फोनची बॅटरी गाण्यात गेलेली असेल तर तो निरोप पोचायचा कसा?

कोकणातल्या आपल्या दर्यावर्दी भावांचंही तेच. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेनं खोल समुद्रासाठी जेमिनी नावाचं यंत्र आणलं आहे. टॉवर नाही तिथं ते उपग्रहाकडून वादळाचा इशारा आणि मासळी कुठं सापडेल त्याची माहिती घेतं. पण देतं कुणाला? ब्लूटूथनं मोबाईलला. फोन गाण्यात संपलेला असेल तर ते यंत्र आहे काय नि नाही काय, सारखंच. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ लावायलाही फोनच लागतो.

तर फोन बाजूला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आता गाण्याचं बघू.

पूर्वी टू-इन-वन होतं, मग वॉकमन आला, मग छोटे एमपीथ्री प्लेअर. ते छोटे प्लेअर आता बाजारात फारसे दिसत नाहीत. ज्या आयपॉडनं २००१ साली सगळ्या जगाला वेड लावलं, तोही कंपनीनं २०२२ मध्ये बंद केला. सगळं फोनमध्ये आलं ना. त्यामुळं आपल्या बजेटमध्ये खरोखर दोन-तीनच वाटा उरतात.

पहिली वाट, आणि आमच्या मते सगळ्यात बरी, म्हणजे कार्ड आणि एफएम असलेला छोटा स्पीकर. चारशेपासून आठशे-हजारापर्यंत मिळतो. त्यात मेमरी कार्ड घातलं, बटण दाबलं, गाणं सुरू. फोन नको, नेट नको. कंटाळा आला की रेडिओ. घेताना एवढं बघा की कार्डाची खाच आणि एफएम दोन्ही आहेत. हल्ली दिसायला देखणे पण निव्वळ ब्लूटूथवर चालणारे स्पीकर बरेच आलेत. जेबीएलचा गो ३ घ्या. कंपनी नावाजलेली, पाण्यालाही पक्का, पण त्याला कार्डाची खाच नाही आणि वायरनं जोडायची सोयही नाही. तो वाजवायचा तर फोन चालू ठेवावाच लागतो. घरी, लग्नात, सहलीला तो छानच. रात्रभर नावेत बसणाऱ्याच्या कामाचा नाही.

दुसरी वाट कीपॅडच्या फोनची. बाराशे-पंधराशेत कार्ड आणि एफएम असलेला साधा फोन येतो. मोठ्या फोनच्या मानानं त्याची बॅटरी कितीतरी जास्त टिकते, वर टॉर्चही असते. अंधारात जाळ्याची गाठ सोडवताना ही टॉर्च किती उपयोगी पडते ते सांगायला नको. त्यात दुसरं सिम घातलं तर अडीअडचणीचा जादा फोन तयार. एकट्या माणसाला, ज्याला मोठा आवाज नकोच आहे, त्याला आम्ही हाच सांगू. नोकियाचा १०५ प्लस यातलाच, पण साधा १०५ आणि १०५ प्लस यांत गफलत करू नका. कार्ड प्लसमध्ये बसतं. नावं सारखी असली की दुकानात हमखास घोटाळा होतो.

तिसरी वाट घरच्यांसाठी. सारेगामाचा कारवां २०१७ साली आला. आत पाच हजार जुनी गाणी भरलेलीच, पुढं मराठी गाण्यांचाही निघाला. आजी-आजोबांना दोन बटणांत गाणं लागतं, कुणाला "जरा लावून दे रे" म्हणावं लागत नाही. पण मोठ्या कारवांची किंमत आपल्या बजेटच्या कितीतरी पुढं जाते, आणि तो नावेत न्यायची वस्तूच नाही. पोरांनी मिळून आईला दिवाळीला द्यावा, असा आहे. त्याची छोटी बहीण कारवां मिनी स्वस्तात येते, तिच्यात गाणीही कमी.

आता रेडिओचं. आपल्याला निजामाबाद आकाशवाणी जवळ पडते, सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. नांदेड त्याच्या दुपटीहून लांब. एफएमची लहर सरळ जाते, टेकडी आडवी आली की अडते. त्यामुळं तेलुगू कार्यक्रम खणखणीत आणि नांदेडचे मराठी खरखरत, असं झालं तर तो स्पीकरचा दोष समजू नका. इअरफोनची वायर लावून बघा, ती एरियलचं काम करते आणि आवाज बराच सुधारतो. ज्यांच्या घरी परभणी केंद्र ऐकायची वर्षानुवर्षांची सवय आहे त्यांनी ध्यानात घ्या, परभणी १३०५ किलोहर्ट्झवर, म्हणजे मीडियम वेव्हवर लावायचो. ब्लूटूथ स्पीकरमधल्या एफएमवर मीडियम वेव्ह लागत नाही. त्याला जुन्या पद्धतीचा, एएम असलेला रेडिओच पाहिजे.

आवाज किती मोठा असावा यावर दुकानात सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. टू-इन-वनच्या जमान्यात डब्यावर "१००० वॉट पीएमपीओ" असं ठळक छापलेलं असायचं, आठवतंय? तो आकडा निव्वळ शोभेचा. विचारायचं ते आरएमएस वॉट. छोट्या स्पीकरला तीन ते पाच आरएमएस असतात आणि एका नावेला तेवढं पुरतं. मात्र दुकानात कानठळ्या बसवणारा स्पीकर नदीवर मिणमिणता वाटतो, कारण तिथं आवाज परत फिरवायला भिंती नाहीत. अंतर दुप्पट झालं की आवाज ओळखू येण्याइतका पडतो. म्हणून स्पीकर लांब टोकाला ठेवून मोठ्यानं वाजवण्यापेक्षा जवळ ठेवा आणि बारीक वाजवा. रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा ठेवला तर आवाज मोठा लागतो, हे पोरांना आधीच माहीत आहे.

आणि मासे? "गाण्यानं मासे पळतात" असं जुनी माणसं म्हणतात, तरणी पोरं हसतात. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळाच माघारी फिरतो, पाण्यात अगदी नगण्य शिरतो. तेव्हा गाण्यानं थेट मासे पळत नाहीत. पण तोच स्पीकर नावेच्या फळीवर ठेवला की ढोलाचा ठोका फळीतून तळाला आणि तळातून पाण्यात उतरतो. त्यात आपले रोहू, कटला, मृगळ म्हणजे तिखट कानाचे मासे. त्यांच्यात हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. शिंगट्याच्या जातीतही ती असते. पाण्यातला बारीक थडथडाट त्यांना लगेच कळतो. म्हणून स्पीकर फळीवर ठेवूच नका. दोरीनं अडकवा, नाहीतर खाली गोणपाटाची चौघडी घाला. वल्ह्याचा ठोका लागू नये म्हणून आपण जपतो, तसंच हे.

पाण्याचं बोलू. डब्यावर "वॉटरप्रूफ" एवढंच लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका, आकडा शोधा. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार चालेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी शिरणार नाही. पण आयपीएक्स७ म्हणजे तरंगतो असा अर्थ नाही. पात्रात पडला तर तो दगडासारखा खाली जाईल, आतून कोरडा राहून. त्याला दोरी बांधून वर एक रिकामी बाटली किंवा जाळ्याचा जुना बोया अडकवा. समुद्रावरच्या भावांनी आणखी एक लक्षात ठेवावं, ही चाचणी गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी चार्जिंगच्या तोंडातला धातू खातं. परत आल्यावर झाकण घट्ट लावून गोड्या पाण्यानं पुसा, पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

चारशेच्या स्पीकरवर असला आकडा नसतोच. मग वीस-तीस रुपयांची जाड, दाबून बंद होणारी प्लास्टिकची पिशवी घ्या आणि त्यात घालून वाजवा. आवाज थोडा दबतो, पण चालतो. खरं सांगायचं तर हजाराच्या आत बजेट असेल तेव्हा "वॉटरप्रूफ" शब्दासाठी जास्त पैसे देण्यापेक्षा पिशवी घेणं परवडतं.

बॅटरीचा आकडा एमएएचमध्ये असतो. तीनशे-चारशे एमएएचचा स्पीकर दोन तासांत आटोपतो. रात्रभर जायचं तर निदान बाराशे बघा, आणि डब्यावर लिहिलेले तास हे साधारण अर्ध्या आवाजाचे असतात हे धरून चाला. पूर्ण आवाजात निम्मेही मिळायचे नाहीत. सगळ्यात सोयीचा म्हणजे बॅटरी काढता येणारा. कितीतरी स्वस्त स्पीकर आणि रेडिओंत जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी बसते, साधारण हजार एमएएचची. कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळते. एक जादा भरून खिशात ठेवली की रात्र निघाली.

फक्त ती बॅटरी नकली नको. २००७ साली खुद्द नोकियानं याच बीएल-५सीबद्दल इशारा दिला होता, एका पुरवठादारानं बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगमध्ये तापू शकतात म्हणून. मूळ मालाचं असं झालं, तर चाळीस रुपयांच्या नकलीचं काय सांगावं. बॅटरीवर आणि स्पीकरवर बीआयएसची खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कुणाचा आहे ते बघता येतं. घरातल्या पोरीला सांगा, दोन मिनिटांत बघून देईल. आणि बॅटरी फुगली की ती फेकायचीच, "अजून चालतीय की" म्हणत वापरायची नाही. डिझेलच्या डब्याजवळ तर मुळीच नाही.

कार्डाचा विषय राहिला, आणि फसवणूक सगळ्यात जास्त इथंच होते. मोठं कार्ड घेऊ नका. साधारण दर्जाच्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला एक एमबी लागते. म्हणजे आठ जीबीच्या कार्डात सव्वाशे तासांहून जास्त गाणी मावतात. रोज चार तास ऐकलं तरी महिनाभर तेच गाणं पुन्हा येणार नाही. बत्तीस जीबी म्हणजे पाचशे तास. त्याच्या वर जायची गरजच काय? शिवाय चौसष्ट आणि पुढची कार्डं वेगळ्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली येतात, बऱ्याच स्वस्त प्लेअरना ती दिसतच नाहीत. माणूस म्हणतो स्पीकर बिघडला, आणि बिघडलेलं काहीच नसतं.

जत्रेत, रस्त्यावर दीडशे रुपयांत "१२८ जीबी" मिळालं तर ते खोटं समजा. अशा कार्डात खरी जागा चार-आठ जीबीच असते, फोनला मात्र १२८ दिसावी अशी लबाडी केलेली असते. सुरुवातीची गाणी वाजतात, पुढची नुसती नावं दिसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे, कार्ड पार गच्च भरा आणि शेवटची दहा गाणी वाजवून बघा.

गाणी भरून देणारी दुकानं आहेत, पण तशी भरलेली गाणी बहुतेक बिनपरवान्याची असतात, हेही माहीत असू द्या. आपल्याकडच्या जुन्या सीडीवरची गाणी संगणकावरून कार्डात घेता येतात. आणि एक सुचवू का? घरात जुनी माणसं असतील तर त्यांचा आवाज भरून ठेवा. आजीच्या ओव्या, हळदीची गाणी, नाव पहिल्यांदा पाण्यात लोटतानाचं म्हणणं. ओव्यांचं मोल काय आहे ते बघायचं तर गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांचं काम बघा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि सोबतच्यांनी गोळा केल्या. आपल्या नदीकाठची माणसं काय म्हणायची, ते आपणच भरून ठेवलं तर राहील. फोनमध्ये रेकॉर्ड करायचं, एमपीथ्री करून कार्डावर टाकायचं, पैसा लागत नाही.

कानाबद्दल थोडक्यात. इअरफोन घातलात तर एकाच कानात घाला. मागून येणाऱ्या नावेचा भोंगा, साथीदाराची हाक, पाण्याचा बदललेला आवाज हे ऐकायला दुसरा कान मोकळा पाहिजे. वायर सदऱ्याच्या आतून घ्या, जाळं ओढताना अडकते. इंजिनच्या नावेवर इंजिनाच्या वर आवाज चढवायचा मोह होतो, तो टाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० झाला की फक्त ४ तास. इंजिन आधीच कान खात असतं, त्यात भर नको. आणि पात्र फुगायच्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर, वरून पाणी सुटल्याची कुणकुण असेल त्या रात्री गाणं बंदच बरं.

धर्माबादला, भैंशाला किंवा निजामाबादला घ्यायला जाल तेव्हा आपलं भरलेलं कार्ड सोबत न्या. दुकानातच घालून वाजवा. मधल्याच एखाद्या गाण्यावर बंद करा आणि परत चालू करा. काही प्लेअर दर वेळी पहिल्या गाण्यापासून सुरू होतात, मग रात्रभर तीच पाच गाणी आणि सोबत्याच्या शिव्या. बटणं ओल्या बोटांनी, न बघता दाबून बघा. चार्जिंगचं तोंड तुमच्या फोनच्या वायरचंच असेल तर उत्तम, वेगळी वायर नावेत हमखास हरवते. एफएम लावा, निजामाबाद दुकानाच्या आतही येतंय का बघा. सहा महिन्यांची गॅरंटी म्हणाले तर ती बिलावर लिहून, शिक्का मारून घ्या. बिल नसेल तर पन्नास रुपये कमी करतो म्हणतील. तसं करू नका, बिल घ्याच.